यकृतातच थेट औषध : कोणाला, केव्हा आणि कशासाठी?

"आतड्याची गाठ काढली, पण आता लिव्हरवर ठिपके आलेत," हे वाक्य अलीकडे माझ्या दवाखान्यात पूर्वीपेक्षा अधिक वेळा ऐकू येते. नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी मी गेली अनेक वर्षे दवाखाना चालवतो. मी कर्करोगतज्ज्ञ नाही. एमबीबीएस झालेला, पन्नाशी ओलांडलेला, घरोघरच्या आजी-आजोबांना नावाने ओळखणारा डॉक्टर आहे. मोठ्या शहरातील तज्ज्ञांना भेटून आलेली मंडळी जाड फाइल माझ्या टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "डॉक्टर साहेब, म्हणजे नेमकं काय?" त्यानंतर आणखी एक प्रश्न हमखास येतो. कोणी नातेवाइकाने सांगितलेले असते, कोणी मोबाइलवर पाहिलेले असते : "लिव्हरमध्येच थेट औषध सोडतात म्हणे. ते करून घ्यावं का?"

प्रश्न रास्त आहे. पण हा प्रश्न विचारण्याआधी दुसरे काही प्रश्न सुटावे लागतात. ते न सोडवता घाई केली, तर पैसा, बळ आणि हाताशी असलेले दिवस या तिन्हींची नासाडी होते. त्या प्रश्नांचा क्रम आपल्यासमोर मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग यकृतात पसरला, तर त्याला यकृताचा कर्करोग म्हणत नाहीत. नांदेडचा माणूस मुंबईत राहावयास गेला तरी बोली नांदेडचीच बोलतो, तशा त्या पेशी यकृतात राहूनही आतड्याच्याच असतात. म्हणून औषधेही आतड्याच्या कर्करोगाचीच लागतात. दारू न पिणाऱ्या माणसाच्या लिव्हरला हे कसे झाले, असा प्रश्न घरची मंडळी विचारतात, त्याचेही उत्तर यातच आहे. येथे दारूचा संबंध नाही. आतड्यातून निघणारे रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून प्रथम यकृतात येते. त्या प्रवाहात सुटलेल्या पेशींचा पहिला मुक्काम साहजिकच तेथे पडतो. निदान होते त्या वेळीच साधारण पाचांपैकी एका रुग्णाचा आजार आतड्याबाहेर पोहोचलेला असतो, आणि त्यात यकृताचा क्रमांक पहिला लागतो.

आता 'थेट औषध' या कल्पनेमागील तर्क पाहू. आपल्या भागातील शेतकऱ्याला तो लगेच उमजतो. एका शेताला दोन ठिकाणचे पाणी आहे असे समजा : कालव्याचे आणि विहिरीचे. यकृताचेही तसेच आहे. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल व्हेनमधून येते. हा झाला कालवा. उरलेले एक चतुर्थांश यकृताच्या धमनीतून येते. ही झाली विहीर. निरोगी यकृत मुख्यतः कालव्यावर जगते. कर्करोगाच्या गाठी काही मिलिमीटरच्या झाल्या, की त्या मात्र जवळजवळ सर्वस्वी विहिरीच्या पाण्यावर वाढतात. मग तणनाशक विहिरीच्या पाटात सोडले तर तण मरेल आणि पीक बऱ्याच अंशी वाचेल, असा हा विचार आहे.

हा विचार प्रत्यक्षात आणण्याच्या तीन मुख्य रीती आहेत. पहिली रीत पंपाची. तळहातावर मावेल अशी धातूची गोल चकती शस्त्रक्रिया करून पोटाच्या कातडीखाली बसवतात आणि तिची बारीक नळी यकृताकडे जाणाऱ्या धमनीच्या फाट्यात सोडतात. शरीराच्या उष्णतेवर हा पंप चालतो आणि थेंबाथेंबाने औषध देत राहतो. दर दोन आठवड्यांनी सुई टोचून तो पुन्हा भरावा लागतो. त्यात फ्लॉक्सयुरिडिन नावाचे औषध वापरतात. यकृत त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पहिल्याच फेरीत स्वतःकडे ओढून घेते, म्हणून उरलेल्या शरीराला त्याचा त्रास कमी होतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील डॉ. नॅन्सी केमेनी यांनी या उपचारावर दीर्घकाळ काम केले. त्यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही सांगितला जातो. यकृतातील गाठी शस्त्रक्रियेने काढलेल्या दीडशेहून अधिक रुग्णांमध्ये, पंप आणि नेहमीची केमोथेरपी दोन्ही मिळालेल्यांपैकी ८६ टक्के दोन वर्षांनी हयात होते. फक्त नेहमीची केमोथेरपी मिळालेल्यांपैकी ७२ टक्के. मात्र हा अभ्यास गाठी काढून झालेल्या रुग्णांचा होता, आणि त्या काळची नेहमीची केमोथेरपी आजच्याइतकी प्रभावी नव्हती, हे ध्यानात ठेवावे. या पंपाने पित्तनलिका आकसून कावीळ होऊ शकते, औषध चुकीच्या फाट्यात गेल्यास जठराला व्रण पडू शकतो. त्यामुळे सरावलेली तुकडी आणि दर पंधरवड्याची रक्ततपासणी यांवाचून हा उपचार करता येत नाही. आपल्याकडे तो सहज मिळणाऱ्यांपैकी नाही.

दुसरी रीत आपल्या मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेतात आणि औषधाने भारलेले अतिसूक्ष्म मणी गाठीच्या रक्तवाहिनीत सोडतात. मणी वाट अडवतात आणि औषधही सोडत राहतात. विहीरही बुजते आणि तणनाशकही मिळते. आतड्याच्या कर्करोगासाठी या मण्यांत बहुधा इरिनोटेकॅन असते. तिसऱ्या रीतीत मण्यांत औषधाऐवजी यिट्रियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य असते. ही रीत महाग आहे. खर्च लाखांत जातो. तिच्याविषयी २०१७ साली तीन अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अकराशेहून अधिक रुग्णांत, पहिल्याच टप्प्यात केमोथेरपीला या मण्यांची जोड दिली असता यकृतातील आजार अधिक आटोक्यात राहिला, पण आयुष्य वाढले नाही. आपण लाखो रुपये उभे करण्याच्या विचारात असाल, तर हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. नेहमीची औषधे थकल्यानंतर निवडक रुग्णांना या रीतींचा उपयोग होतो, हेही तितकेच खरे.

तर मग प्रश्नांचा क्रम कोणता? पहिला : आजार फक्त यकृतातच आहे का? विहिरीत सोडलेले औषध शेजारच्या शेतात पोहोचत नाही. फुप्फुसात किंवा पोटाच्या पडद्यावरही आजार असेल, तर सर्वांगात फिरणारी केमोथेरपीच मुख्य उपचार ठरते. दुसरा : यकृतातील गाठी काढून टाकता येतील का? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घाबरलेल्या घरात तोच विचारावयाचा राहून जातो. यकृत हा पुन्हा वाढणारा अवयव आहे. ते निरोगी असेल तर त्याचा मोठा भाग काढूनही माणूस जगतो आणि काही महिन्यांत उरलेला भाग भरून येतो. योग्य निवड करून शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी साधारण दहापैकी चार जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तीन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी काही वेळा सुईने जाळूनही संपवता येतात. तिसरा : आज काढता येत नसतील, तर केमोथेरपीने लहान करून पुढे काढता येतील का? आणि चौथा : रुग्णाचे हृदय, मूत्रपिंडे, साखर आणि अंगातील बळ यांतील काय झेपू देईल? या चारांची उत्तरे हाती आली, म्हणजे 'थेट औषध द्यावे का' या पाचव्या प्रश्नाला अर्थ येतो.

माझ्या पाहण्यातील तीन माणसे या क्रमाचे महत्त्व सांगतील. ओळख पटू नये एवढेच तपशील देतो.

मुखेडकडच्या एका मावशींच्या यकृतात चार गाठी होत्या, त्याही एकाच बाजूला. घरात रडारड झाली होती. तीन महिने केमोथेरपी झाली, गाठी आकसल्या, मुंबईत शस्त्रक्रिया होऊन यकृताचा तो भाग निघाला. त्यांना थेट औषधाची गरजच पडली नाही. या गोष्टीला चार वर्षे झाली. अजून त्या रक्तदाबाची गोळी न्यावयास स्वतः चालत येतात आणि दवाखान्यात गर्दी असली की माझ्यावर रागावतात.

दुसरे चौऱ्याहत्तर वर्षांचे शेतकरी. आजार यकृतापुरताच, पण हृदय दुबळे. मोठी शस्त्रक्रिया झेपणार नव्हती. केमोथेरपीने पायांची बोटे बधिर होऊन ते दोनदा पडले होते. त्यांच्यासाठी तज्ज्ञांनी विचारपूर्वक मण्यांचा उपचार निवडला आणि तो हैदराबादेत झाला. दोन-तीन दिवस ताप, पोटात दुखणे, मळमळ असा त्रास झाला. पुढे दहा महिने गाठी जागच्या जागी राहिल्या आणि ते बैलजोडीच्या दाव्याला हात लावत राहिले. पूर्ण बरे करणारा उपचार तो नव्हता. पण योग्य माणसाला, योग्य वेळी मिळालेला होता.

तिसरे माझे शाळेतील गणिताचे शिक्षक. लातुरात राहत. त्यांचा पुतण्या अमेरिकेत. त्याने पंपाविषयी सांगितले आणि मुलाने औशाकडचे शेत विकण्याची बोलणी सुरू केली. सरांनी मला बोलावून घेतले. "अरे, ठिपके किती, कुठं कुठं आणि काढता येतात का, एवढं सांग. धीर नंतर दे." मी फाइल वाचली. फुप्फुसांतही दोन्हीकडे गाठी होत्या. मुंबईच्या तज्ज्ञांचेही मत तेच आले : यकृतात थेट औषध देऊन येथे लाभ नाही. सरांनी वहीत दोन रकाने आखले. एका बाजूस गाडीत, रांगेत आणि खाटेवर जाणारे दिवस. दुसऱ्या बाजूस घरच्या अंगणात बसता येईल असे दिवस. दोन्हींची बेरीज करून त्यांनी लातुरातच मिळणारी साधी केमोथेरपी घेण्याचे ठरवले. दोन दिवाळ्या त्यांनी घरी केल्या. शेत विकले गेले नाही. शेवटच्या महिन्यात त्यांनी उपचार थांबवले, ते माझ्याशी आणि मुलाशी बोलून, स्वतःच्या मुखाने.

आपल्याकडे ज्येष्ठांना हे बोलण्याची संधीच दिली जात नाही, याचे मला दुःख वाटते. ज्या शेतकरी आजोबांविषयी वर सांगितले, ते हैदराबादला जाण्याआधी एकदा एकटेच माझ्याकडे आले होते. "डॉक्टर साहेब, पोरं मला मूळव्याध म्हणायलेत. मूळव्याधीसाठी हैदराबादला कोण नेतंय?" त्यांना सारे उमजले होते, फक्त विचारावयास माणूस नव्हता. मुलांचा हेतू प्रेमाचाच होता. पण ज्याच्या शरीरात सुई जाणार, त्याला ती कशासाठी जाते हे विचारण्याचा हक्क आहे. एकदम सगळे सांगू नये. "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" असे विचारावे आणि उत्तर मिळेल तेवढेच सांगावे. मी मुलांना बोलावले, आजोबांसमोर बसवले आणि बोललो. त्या दिवसानंतर त्यांच्या घरातील कुजबुज थांबली.

आता जावयाचे कोठे, याविषयी. एकट्या डॉक्टरच्या मतावर इतका मोठा निर्णय घेऊ नये. शल्यविशारद, केमोथेरपीचे तज्ज्ञ आणि नळीद्वारे उपचार करणारे तज्ज्ञ एकत्र बसून फाइल पाहतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. "माझा विषय ट्यूमर बोर्डपुढे ठेवाल का?" असे नम्रपणे जरूर विचारावे. छत्रपती संभाजीनगरची राज्य कर्करोग संस्था आणि १९४१ पासून चालू असलेले मुंबईचे टाटा मेमोरियल ही नावे आपल्याला ठाऊक आहेतच. लातूरकरांना बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय जवळ पडते. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली याच बार्शीत सुरू झाली आणि तीत आपल्या मराठवाड्यातील परंडा व भूम हे तालुकेही आले. लातूरहून मुंबईस जाणारी रात्रीची गाडी बार्शीवरूनच जाते. परळला मुक्काम करावा लागला, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी असंख्य कुटुंबांना आधार दिला आहे. प्रवास झेपत नसेल, तर 'नव्या' या सेवेमार्फत टाटा मेमोरियल व संबंधित संस्थांच्या तज्ज्ञांचे मत फाइल पाठवूनही घेता येते.

पैशाची बाब. नांदेड हा सरकारी आरोग्य योजनेच्या २०१२ मधील पहिल्या आठ जिल्ह्यांपैकी एक. तीच योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने राज्यभर आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, त्यावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कोणता उपचार योजनेत बसतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे आणि मगच सावकाराकडे किंवा खरेदीखताकडे वळावे. जाताना बायोप्सीचा अहवाल, सीटी स्कॅनची सीडी, शस्त्रक्रियेचा कागद आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्याव्यात. मधुमेहाच्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि मूत्रपिंडाशी संबंधित गोळ्यांत अशा उपचारांच्या वेळी बदल करावा लागू शकतो.

घरी सांभाळणाऱ्यांसाठी थोडे. ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधानंतर काही दिवस थंड पदार्थाचा स्पर्श झाला तरी हातांत मुंग्या येतात, गळा आवळल्यासारखे वाटते. आपल्या उन्हाळ्यात सवयीने माठातील पाणी दिले जाते; त्या दिवसांत साधे किंवा कोमट द्यावे. केमोथेरपी चालू असताना ताप १००.४ अंशांवर गेला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री असला तरी रुग्णालय गाठावे. जुलाब झाले तर मीठ-साखरेचे पाणी लगेच सुरू करावे आणि डॉक्टरांना कळवावे. मराठवाड्याच्या मे महिन्यात वृद्ध माणूस काही तासांत कोरडा पडतो. किरणोत्सारी मण्यांच्या उपचारानंतर आजोबांनी लहान नातवंडांना आणि गर्भवती सुनेला सांगितलेले दिवस जवळ घेऊ नये. आणि कळकळीची विनंती : डोळे पिवळे दिसले म्हणून गावोगावचे काविळीचे झाडपाल्याचे औषध पाजू नये. अगोदरच थकलेल्या यकृताला ते पेलेलच असे नाही, आणि कावीळ गाठीमुळे आहे, नळी अडल्याने आहे की औषधामुळे, हे तपासल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

एखादा टप्पा असाही येतो, की कोणतेही थेट किंवा आडवळणाचे औषध लाभाचे राहत नाही. तेव्हा "आता काही करण्यासारखं नाही" हे वाक्य मी उच्चारू देत नाही. वेदना थांबवता येते. मॉर्फिनच्या गोळ्या योग्य मात्रेत दिल्या तर माणूस झोपतो, जेवतो, बोलतो. पोटातील पाणी काढता येते, मळमळ आटोक्यात आणता येते. हेही औषधोपचारच आहेत.

शेवटी, हा लेख वाचणाऱ्या निरोगी ज्येष्ठांना एक सांगणे. शौचातून रक्त जाणे, शौचाची सवय बदलणे, कारणावाचून रक्त कमी होणे यांना मूळव्याध समजून महिनोन्‌महिने लेप आणि पुड्या घेत बसू नका. बोटाने केलेली साधी तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीने केलेली पाहणी यांनी गाठ आतड्यातच असताना सापडू शकते. आणि ज्यांच्या घरी ही फाइल आधीच आली आहे, त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात : आजार कोठे कोठे आहे? काढता येईल का? नंतर येईल का? याला झेपेल का? तो कागद तज्ज्ञांपुढे ठेवावा, आणि त्या वेळी रुग्णाला दाराबाहेर बसवू नये.